ट्रॅक्टरचा वेग आणि ओढ : क्राऊन-पिनियन बदलण्यापूर्वी

नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड, कळमेश्वर व सावनेर हे तालुके संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध आहेत. आंबिया बहाराची फळे साधारणपणे ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत आणि मृग बहाराची फळे फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत काढणीस येतात. कापसाची वेचणीही दिवाळीच्या सुमारास सुरू झालेली असते. हा सर्व माल प्रथम पांदणीने पक्क्या सडकेपर्यंत आणि तेथून सडकेने तालुक्याच्या अथवा नागपुरातील कळमना येथील बाजारात न्यावा लागतो. एके काळी हे काम बैलगाडीचे होते. आज त्यातील बराचसा भाग ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्याकडे आला आहे. अनेक ठिकाणी ट्रॅक्टर नांगरापेक्षा ट्रॉलीलाच अधिक जुंपलेला दिसतो.

अशा शेतकऱ्यास कोणी ना कोणी सल्ला देतो की, मागील हाउसिंगमधील क्राऊन-पिनियनची जोडी बदलून घ्यावी, म्हणजे ट्रॅक्टर सडकेवर अधिक वेगाने धावेल, फेऱ्या वाढतील आणि माल लवकर बाजारात पोहोचेल. सल्ला ऐकावयास गोड आहे. परंतु या एका बदलाने ट्रॅक्टरची ओढ, शेतातील कामाचा वेग, फवारणीचे प्रमाण आणि ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर या चारही गोष्टी बदलतात. त्यांचा हिशेब आधी केला तर पुढील खर्च व प्रसंगी जीवावरचे संकट टळते. तो हिशेब कसा करावा हे या लेखात सांगितले आहे.

दात्यांचे प्रमाण म्हणजे काय?

ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे घेते. चाके मात्र त्या मानाने फारच हळू फिरावयास हवीत. म्हणून इंजिन व चाके यांच्यामध्ये वेग कमी करण्याचे टप्पे असतात. पहिला टप्पा गिअर बॉक्सचा. दुसरा टप्पा टेल पिनियन व क्राऊन व्हील यांचा. त्यानंतर बहुतेक ट्रॅक्टरांत चाकाजवळ आणखी एक टप्पा असतो. गिअर चालकास बदलता येतो. क्राऊन-पिनियनचा टप्पा मात्र कायमचा असतो. प्रत्येक गिअरमध्ये शक्ती त्यातूनच जाते.

समजा, क्राऊन व्हीलला ४० दाते आहेत आणि पिनियनला ८. म्हणजे पिनियनचे ५ फेरे झाल्यावर क्राऊनचा १ फेरा होतो. हे प्रमाण ५ झाले. आता ४० व १० दात्यांची जोडी बसविली, तर ४ फेऱ्यांतच क्राऊनचा एक फेरा पुरा होईल आणि प्रमाण ४ होईल. इंजिनाची गती तीच ठेवली तर ट्रॅक्टर प्रत्येक गिअरमध्ये सव्वापट वेगाने धावेल; पूर्वी जेथे ताशी २४ किलोमीटर वेग मिळत होता तेथे ३० मिळेल. परंतु त्याच वेळी चाकांपाशी मिळणारी ओढ एक-पंचमांशाने घटेल.

सायकलचे उदाहरण घ्यावे. मागील चाकाची दातेरी चकती लहान केली तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल अधिक अंतर जाते. सपाटीवर बरे वाटते, पण दुधाची कॅन लादून चढ चढताना पाय भरून येतात. पाय तेच, माणूस तोच. चकतीने नवी शक्ती निर्माण केली नाही. क्राऊन-पिनियनचेही तसेच आहे. ते वेग देऊन ओढ घेते किंवा ओढ देऊन वेग घेते. दोन्ही एकदम वाढतील असे जो सांगतो त्याचे म्हणणे मान्य करू नये.

महामार्गावरील ट्रक व खाणीतील टिपर

हे तत्त्व डोळ्यांनी पाहावयाचे असेल तर नागपूरहून चांगली जागा नाही. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पूर्व-पश्चिम जाणारा महामार्ग ५३ हे दोन्ही नागपुरास मिळतात. या महामार्गांवरून संत्री, धान्य व इतर माल वाहणारे लांब पल्ल्याचे ट्रक दिवसभर एकाच गतीने धावतात. त्यांच्या मागील धुरीचे प्रमाण कमी ठेवलेले असते. त्यामुळे इंजिनास कमी फेरे घ्यावे लागतात व डिझेल वाचते. उलट उमरेडसारख्या उघड्या कोळसा खाणीत चालणारे टिपर भरल्या ओझ्यानिशी खोल जागेतून चढ चढून वर येतात. त्यांना वेग नको, ओढ हवी. म्हणून त्यांचे प्रमाण अधिक असते. दोघांची इंजिने जवळजवळ सारखी असली तरी एकाचे काम दुसऱ्यास नीट जमत नाही.

अमेरिकेत लोक सुटीच्या प्रवासासाठी घरासारखे मोठे ट्रेलर आपल्या ट्रकमागे जोडून नेतात. तेथे काही ट्रक ३.७३ किंवा ४.१० अशा निरनिराळ्या प्रमाणांत विकत मिळतात. ज्यास जड ट्रेलर ओढावयाचा असतो तो ४.१० चे प्रमाण पसंत करतो, कारण त्याने ओढ सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. म्हणजे जड ओझ्यासाठी तेथील लोक प्रमाण वाढवितात. आपल्याकडे ट्रॉली ओढण्यासाठीच प्रमाण कमी करण्याचा सल्ला दिला जातो, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

ओढीचा हिशेब

एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याची शक्ती. ४० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरपैकी सुमारे ३० अश्वशक्ती चाकांपाशी उपयोगी पडते असे धरू. या शक्तीने निरनिराळ्या वेगांना पुढीलप्रमाणे ओढ मिळते :

ताशी ५ किलोमीटर — सुमारे १६२० किलोग्रॅम
ताशी १० किलोमीटर — सुमारे ८१० किलोग्रॅम
ताशी २० किलोमीटर — सुमारे ४०५ किलोग्रॅम
ताशी २४ किलोमीटर — सुमारे ३३७ किलोग्रॅम
ताशी ३० किलोमीटर — सुमारे २७० किलोग्रॅम

आता ओझे पाहू. ट्रॅक्टर २ टन, रिकामी ट्रॉली दीड टन आणि प्रत्येकी सुमारे २० किलोच्या संत्र्याच्या १७५ क्रेट म्हणजे साडेतीन टन. एकूण ७ टन. डांबरी सपाट सडकेवर दर टनास सुमारे २० किलोग्रॅम ओढ लागते. घट्ट कच्च्या रस्त्यावर सुमारे ५० आणि भुसभुशीत किंवा ओलसर काळ्या जमिनीत १०० किंवा त्याहून अधिक लागते. चढ असल्यास त्याची भर निराळी. पन्नास मीटर अंतरात एक मीटर चढ असेल तर दर टनास आणखी २० किलोग्रॅम ओढ धरावी.

सपाट डांबरी सडकेवर ७ टनांस १४० किलोग्रॅम ओढ पुरते. येथे जुनी व नवी दोन्ही प्रमाणे चालतील. सल्ला देणारा नेमका येथेच ट्रॅक्टर पळवून दाखवितो.

आता पन्नासास एक असा चढ घ्या. असा चढ डोळ्यांस फारसा जाणवतही नाही. येथे १४० अधिक १४०, म्हणजे २८० किलोग्रॅम ओढ लागते. जुन्या प्रमाणात वरच्या गिअरला ताशी २४ किलोमीटर वेगाने ३३७ किलोग्रॅम ओढ मिळते, म्हणून ट्रॅक्टर गिअर न बदलता चढून जातो. नव्या प्रमाणात ताशी ३० किलोमीटरला केवळ २७० मिळते. इंजिन दबते, काळा धूर येतो आणि खालचा गिअर घ्यावाच लागतो. तो गिअर पूर्वी ताशी १६ किलोमीटरचा असेल तर आता २० चा झाला. म्हणजे जुन्या प्रमाणाचा ट्रॅक्टर हा चढ २४ च्या वेगाने चढतो आणि वेगासाठी बदललेला ट्रॅक्टर २० च्या वेगाने!

वेळेचा लाभही पाहावा. ६० किलोमीटर अंतर सतत २४ च्या वेगाने गेल्यास अडीच तास आणि ३० च्या वेगाने गेल्यास दोन तास लागतात. अर्धा तास वाचला हे कागदावर खरे. परंतु वाटेतील गावे, वळणे, चढ व वर्दळ यांत त्यातील बराच भाग जातो. माल भरणे, उतरविणे व लिलावाची वाट पाहणे यांस लागणारा वेळ तर पिनियन बदलल्याने मुळीच कमी होत नाही.

पांदणीत पिनियन नव्हे, चाकाची पकड

आंबिया बहाराच्या काढणीस प्रारंभ होतो तेव्हा पावसाळा नुकताच संपलेला असतो आणि काळ्या जमिनीतील पांदणी ओल्या असतात. येथे ७ टनांस ७०० किलोग्रॅम किंवा अधिक ओढ लागते. इंजिन ती देऊ शकेल, पण चाकाची पकड हवी. मागील चाकांवर १३०० किलोग्रॅम भार असेल आणि अशा जमिनीत त्याच्या निम्म्याइतकी पकड मिळत असेल, तर ६५० किलोग्रॅमपुढे चाके जागीच फिरू लागतात. कोणतेही पिनियन बसविले तरी हे बदलत नाही.

उपाय सोपा आहे. पांदणीतून निम्मा माल आणावा. पावणेदोन टन माल कमी केल्यास एकूण ओझे सव्वापाच टन होते व ५२५ किलोग्रॅम ओढ पुरते. दोन फेऱ्यांत माल सडकेच्या कडेला आणून तेथे ट्रॉली पूर्ण भरावी. ओढ वाढविण्यासाठी ट्रॉलीचा आकडा नेमून दिलेल्या जागेपेक्षा उंच ठिकाणी मात्र कधीही अडकवू नये. तसे केल्यास ट्रॅक्टरची पुढील चाके उचलली जाऊन तो चालकावर उलटण्याचा धोका असतो.

शेतातील कामांवर होणारा परिणाम

सडकेसाठी केलेला बदल शेतातही सोबत येतो. सर्वांत खालच्या गिअरचा वेग पूर्वी ताशी २ किलोमीटर असेल तर तो अडीच होईल. त्याहून हळू चालणे शक्य होणार नाही. पी.टी.ओ. शाफ्टची गती मात्र क्राऊन-पिनियनवर अवलंबून नसते. ती पूर्वीइतकीच, म्हणजे सामान्यतः मिनिटाला ५४० फेरे, राहते. याचा अर्थ असा की रोटाव्हेटरची पाती पूर्वीच्याच गतीने फिरतील, पण ट्रॅक्टर पुढे अधिक वेगाने सरकेल. ढेकळे मोठी राहतील आणि इंजिनावरील भार वाढेल.

बागाईतदारांनी फवारणीचा विचार विशेष करावा. पी.टी.ओ.वर चालणाऱ्या फवारणी यंत्रातून मिनिटाला जितके द्रावण बाहेर पडते तितकेच पुढेही पडेल. ट्रॅक्टर मात्र त्याच गिअरमध्ये सव्वापट वेगाने झाडापुढून जाईल. पूर्वी ज्या झाडास १० लिटर द्रावण मिळत होते त्यास ८ लिटरच मिळेल. औषध पुरेसे न पोहोचल्यामुळे कीड आटोक्यात आली नाही तर शेतकरी औषधास किंवा दुकानदारास दोष देतो. खरा दोष हाउसिंगमध्ये असतो. म्हणून ज्याच्याकडे एकच ट्रॅक्टर आहे आणि तोच नांगरट, रोटाव्हेटर, फवारणी व वाहतूक या सर्व कामांस लागतो, त्याने मूळ प्रमाण बदलू नये हेच हितावह होय.

वेग वाढतो, ब्रेक तेच राहतात

आतापर्यंतच्या हिशेबात पैशाचा व वेळेचा प्रश्न होता. हा प्रश्न जीविताचा आहे. वेग सव्वापट झाला की चालत्या ओझ्याचा जोर सव्वापट होत नाही, तर दीडपटीहून अधिक होतो. कित्येक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. सात टनांचे सर्व ओझे ट्रॅक्टरच्या केवळ दोन मागील चाकांनी थांबवावयाचे असते. कोरड्या डांबरी सडकेवर ही चाके सुमारे ९०० किलोग्रॅम इतकाच रोध करू शकतात, असे धरू. चालकास धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो हेही हिशेबात घेतले तर ताशी २४ किलोमीटर वेगात थांबण्यास सुमारे २४ मीटर आणि ३० किलोमीटर वेगात सुमारे ३५ मीटर लागतात. मधल्या ११ मीटरांत शाळेतून परतणारे मूल, रस्ता ओलांडणारी गाय किंवा एखादा सायकलस्वार असू शकतो. सडक ओली असल्यास हे अंतर आणखी वाढते.

उतारावर दुसरी अडचण येते. गिअरमध्ये असलेले इंजिन वाहनास मागे धरून ठेवते. प्रमाण ५ चे ४ केले की त्याच गिअरमध्ये ही धरून ठेवण्याची शक्तीही सुमारे एक-पंचमांशाने कमी होते. नागपूरहून अमरावतीकडे जाताना तळेगावजवळ सत्याग्रही घाट लागतो. अशा ठिकाणी भरलेली ट्रॉली मागून ढकलू लागली तर ट्रॅक्टर आडवा होऊन उलटण्यास वेळ लागत नाही. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचविण्याचा मोह सर्वस्वी टाळावा. चढासही हाच नियम लागू आहे. चढाच्या मध्यावर गिअर बदलताना ट्रॅक्टर क्षणभर मोकळा होतो आणि ट्रॉली त्यास मागे खेचते.

शेतात वळण्याच्या सोयीसाठी ब्रेकची दोन पायडले निरनिराळी ठेवलेली असतात. सडकेवर येण्यापूर्वी ती खिळीने एकत्र जोडली पाहिजेत. एकच पायडल दाबले गेल्यास एकच चाक थांबते व ट्रॅक्टर एकाएकी वळतो. ट्रॉलीत माल न्यावा, माणसे नेऊ नयेत.

बदल केव्हा व कसा करावा?

प्रमाण बदलणे सदैव अयोग्यच असते असे नाही. एखाद्या शेतकऱ्याकडे किंवा सहकारी संस्थेकडे दोन ट्रॅक्टर असून एक केवळ सपाट पक्क्या सडकेवरील वाहतुकीस राखून ठेवला असेल, तर त्यासाठी अधिक वेगाचा ट्रॅक्टर असणे सोयीचे ठरते. परंतु अशा वेळीही मूळ कारखान्यातूनच त्या कामासाठी तयार झालेला नमुना निवडणे अधिक चांगले. एकाच शक्तीचे ट्रॅक्टर निरनिराळ्या वेगांच्या गिअरांसह मिळतात. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ साली सुरू झालेल्या व आज केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत ट्रॅक्टरांची परीक्षा होते. तिच्या अहवालात प्रत्येक गिअरचा वेग, ओढ व ब्रेकची परीक्षा यांची माहिती असते. विक्रेत्याकडे तो अहवाल मागून पाहावा.

जोडी झिजल्यामुळे किंवा दाते तुटल्यामुळे बदलावयाचीच झाली तर क्राऊन व पिनियन दोन्ही एकदम बदलावीत. ती कारखान्यात एकमेकांशी जुळवून तयार केलेली असतात व दोहोंवर जोडीचा एकच क्रमांक कोरलेला असतो. दात्यांची संख्या जुन्या जोडीइतकीच आहे याची खात्री करावी. बसविताना दात्यांमधील मोकळीक व बेअरिंगचा ताण पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवावा आणि दात्यांस रंग लावून त्यांचा ठसा मध्यभागी उमटतो की नाही हे पाहावे. हे काम घाईने उरकणाऱ्या मिस्त्रीकडे देऊ नये. जुन्या तेलात धातूचा कीस असतो, म्हणून हाउसिंग धुऊन नवे तेल भरावे.

चारही चाकांना शक्ती मिळणाऱ्या ट्रॅक्टरात मागील प्रमाण एकटे कधीही बदलू नये. पुढील व मागील चाकांचा वेग परस्परांशी जुळविलेला असतो. तो बिघडल्यास पुढील धुरी व तिचे गिअर लवकर निकामी होतात. मागील टायर वेगळ्या मापाचे बसविल्यासही हाच दोष येतो. मोठ्या व्यासाचा टायर बसविणे म्हणजे न सांगता प्रमाण कमी करणेच होय. शिवाय शेतीचे टायर मुळात कमी वेगासाठी बनविलेले असतात. वेग वाढला की त्यांची भार सोसण्याची शक्ती घटते.

कायद्याची बाजूही लक्षात ठेवावी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरबदल वाहनात करता येत नाही. हमीच्या मुदतीत परस्पर बदल केल्यास हमीही धोक्यात येते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

शेतकरी क्राऊन-पिनियन बदलण्याविषयी सल्ला विचारण्यास आल्यास कार्यकर्त्यांनी त्याच्यासह पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात :

१. ट्रॅक्टरचा मूळ वेग मिळतो काय? निर्जन, सरळ व सपाट सडकेवर १०० मीटर अंतर मोजून ट्रॉलीविना वरच्या गिअरमध्ये वेळ पाहावी. १५ सेकंद लागल्यास वेग ताशी २४ किलोमीटर, १२ सेकंद लागल्यास ३०. पुस्तिकेतील आकड्याशी तुलना करावी. जुना ट्रॅक्टर विकत घेताना आधीच्या मालकाने जोडी बदलली आहे काय हेही यावरून कळते.

२. वेग किंवा ओढ कमी वाटत असल्यास प्रथम हवेचा व डिझेलचा फिल्टर, क्लचची घसरण, अडकणारे ब्रेक आणि ट्रॅक्टर व ट्रॉली या दोहोंच्या टायरमधील हवा तपासावी. पुष्कळदा दोष येथेच सापडतो.

३. ट्रॉलीवर किती माल भरला जातो? ठरलेल्या क्षमतेहून अधिक ओझे हे कोणत्याही पिनियनने सुरक्षित होत नाही.

४. नेहमीच्या वाटेवर चढ, उतार व कच्चा भाग किती आहे?

५. हाच ट्रॅक्टर रोटाव्हेटर व फवारणीस लागतो काय?

६. ट्रॉलीस ब्रेक आहेत काय? नसल्यास पिनियनसाठी ठेवलेला पैसा ब्रेक असलेली ट्रॉली घेण्याकडे, मागील दिवे व परावर्तक पट्ट्यांकडे वळवावा.

या सहा प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर बहुतेक शेतकरी आपणहून योग्य निर्णय घेतील. बैलजोडी निवडताना आपले वाडवडील ती किती धावते एवढेच पाहत नसत. भरल्या गाडीनिशी चढ चढते काय आणि कासरा ओढताच थांबते काय, हेही पाहत. ट्रॅक्टरच्या बाबतीतही तीच पारख ठेवावी.